चार बोटं पत्रा

गिअरबॉक्स उघडण्याआधीच थोरली त्याचं दुखणं ओळखायची. शाफ्ट हातानं फिरवायची, कान लावायची आणि गिऱ्हाइकाला सांगायची, "दुसऱ्या गिअरचे दात खाल्ले गेलेत." लोक आधी बाईमाणूस म्हणून हसायचे, मग गपगुमान गाडी ठेवून जायचे. लग्नाबिग्नाच्या भानगडीत ती पडलीच नाही. आई गेल्यापासून गॅरेज, बाबा आणि धाकटा भाऊ एवढाच तिचा संसार.

बाबांचे पाय गेले होते. दाराशी चाकाच्या खुर्चीत बसून ते दिवसभर उंटावरून शेळ्या हाकत. गॅरेजच्या मधोमध उभी असायची त्यांची जुनी, दोन सीटांची स्पोर्ट्स कार. गंजून चाळण झालेला तिचा तळ त्यांनी पत्रा ठोकून ठोकून नव्यानं घडवला होता, पाय धड होते तेव्हा. दोन सीटांमधला, गिअरबॉक्स झाकणारा उंचवटा तर असा गुळगुळीत की जोड कुठे आहे ते शोधावं लागे. "या पत्र्याला कात्री लागली तर माझ्या गळ्याला लागली समजा," असं ते येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवत. सुंभ जळाला तरी पीळ काही जात नव्हता.

धाकट्याला घाटातल्या शर्यतींचं वेड. त्यानं हट्टानं गाडीत दुप्पट ताकदीचं इंजिन बसवून घेतलं. मूळचा गिअरबॉक्स पहिल्याच चकरेत कुरकुरायला लागला.

"ताई, हा टिकायचा नाही. दणकट काहीतरी बघ ना."

थोरलीनं दोन आणले. एक पिकअपचा, अवजड. डोंगर ओढ म्हटलं तरी ओढला असता. दुसरा मूळच्याच मापाचा, जरा जाड दातांचा, जागेवर अलगद बसणारा. बाबांचा डोळा लागलेला पाहून तिनं मोठा जॅकवर चढवला. तो उंचवट्याला अडला. तिनं बोटं लावून मापलं. चार बोटं पत्रा कापावा लागणार होता.

धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. एवढ्या इंजिनापुढे लहान गिअरबॉक्सचा तिसरा गिअर कधीतरी दगा देणार, हे तिच्याइतकं कुणाला कळत होतं? पण अभिमानानं बोट दाखवावं असं म्हाताऱ्यापाशी तेवढंच एक उरलं होतं. तिनं मोठा मागच्या कोपऱ्यात सरकवला, वर गोणपाट टाकलं आणि लहान बसवला.

"तिसऱ्यात असताना एकदम पाय दाबायचा नाही. माझी शपथ आहे तुला."

"बरं बाई, नाही दाबत," धाकटा हसत म्हणाला.

शर्यतीला निघालेल्या माणसाला घातलेली असली शपथ काय कामाची, हे तिलाही ठाऊक होतं.

चढावरच्या वळणाला तिसऱ्याचे दात तुटले, तुकडे आत अडकले आणि मागची चाकं जागीच जखडली. गाडी कठडा तोडून खाली गेली. धाकट्याला बाहेर काढलं तेव्हा त्याच्यात जीव नव्हता.

सगळं उरकल्यावर गाडी गॅरेजात आणून टाकली. नाक चेपलेलं, दारं गेलेली. मधल्या उंचवट्याला मात्र ओरखडासुद्धा नव्हता. थोरलीला त्या पत्र्याचा असा संताप आला की हातोड्यानं ठेचून काढावा. पण तिनं गिअरबॉक्स उतरवला, उघडला आणि तेलातले तुटके दात वेचून फडक्यावर ठेवायला लागली.

बाबा खुर्ची ढकलत जवळ आले. "मोठा मिळत नव्हता का गं?"

"मिळाला होता. पण बसला नसता, बाबा."

"बसवून बघितलंस?"

"बघितलं. इंजिनालाच जुळत नव्हता."

कामाबद्दल ती आयुष्यात पहिल्यांदा खोटं बोलली. निदान म्हाताऱ्याला तरी रात्री झोप लागावी, एवढंच तिच्या मनात होतं.

बाबांनी वाकून उंचवट्यावर हात ठेवला. बराच वेळ ते तो पत्रा चाचपत राहिले.

"चार बोटं कमी पडत होती," ते म्हणाले. "तू मापत होतीस तेव्हा मी जागाच होतो. कापू का असं विचारशील म्हणून डोळे मिटूनच राहिलो."

थोरली फडक्यावरचे दात बघत बसली. जेवायची वेळ टळून गेली, बाबांनी दोनदा हाक मारली, तरी त्यांची खुर्ची घरात न्यायला ती उठली नाही.