सहज विचारणारे शेजारी

आमच्या खालच्या मजल्यावरचे काका प्रत्येक प्रश्नाला 'सहज' जोडत. "टायर नवे घातलेत? सहज विचारलं." मी डोंगरदऱ्यांचे फोटो काढत गाडीनं एकटाच देशभर हिंडायचो. निघताना ते आपल्या रुमालानं माझी काच पुसत. "एकट्याला कंटाळा नाही येत? सहज."

"बडबड नको म्हणूनच एकटा जातो, काका," मी थोर कलावंताच्या थाटात सांगायचो.

हिमाचलला निघालो त्या पहाटे ते फाटकाशी उभे होते. इस्त्रीचा शर्ट, नवे बूट, हातात फुगलेली बॅग.

"काय काका, कुणाचं लग्न? स्टँडवर सोडू?"

"छे, छे. सहज उभा होतो," म्हणत ते काच पुसू लागले.

कोपऱ्यावर आरशात पाहिलं, तर बॅगेसकट घरात परत चालले होते. त्यांना माझ्याबरोबर यायचं होतं, हे मला कळायला चांदवड यावं लागलं. एवढा मी हुशार! गाडी वळवणार होतो, पण डोंगरांवर कोवळं ऊन आलं होतं. आधी रोल संपवला. मग म्हटलं, एवढं आलोच आहोत, तर जाऊ पुढं.

परतल्यावर त्यांनी त्या कोवळ्या उन्हातल्या डोंगरांचा फोटो बराच वेळ पाहिला.

"चांदवडच ना हे? इथवर नेलं असतंत तरी पुरलं असतं. एस.टी.नं आलो असतो परत."