बांधावरचा आंबा आणि पानं शिवणारी अळी

आमच्या बांधावरच्या आंब्याची थोरवी काय सांगू! एका फळाच्या रसात लग्नाची पंगत उठायची, कोय ओढून न्यायला बैलजोडी लागायची. खोटं वाटत असेल तर मंठाळला येऊन विचारा. झाड मात्र बघायला मिळणार नाही.

निमित्त झालं नखाएवढ्या करड्या पाखराचं. त्याची अळी चार-सहा पानं धाग्यानं एकत्र शिवते आणि त्या खोळीत बसून कुरतडते. शिंप्यालाही अशी टीप जमायची नाही. त्या साली तर त्यांच्या चघळण्याचा आवाज बसवकल्याणच्या बसस्टँडवर ऐकू यायचा. फांद्या होरपळल्यासारख्या दिसायच्या. पण तेवढ्यानं आंबा मरत नाही. आकडीनं जाळ्या ओढून जाळल्या की नवी पालवी येते.

झाड निम्मं माझं, निम्मं थोरल्या भावाचं. त्याच्या तुरीवर सावली पडायची. पण फळतं झाड आमच्यात कुणी तोडत नाही. वाळलेलं तोडलं तर कुणी बोलत नाही. माझी बाजू साफ करून आकडी पलीकडे नेली, तसा तो धावत आला.

"माझ्या फांदीला हात लावायचा न्हाई."

"कामून, अण्णा? नुसत्या जाळ्या ओढायलोय."

"झाड मरायलंय. मरणाऱ्याला कामून छळायलास?"

मग त्याच्या बाजूची पाखरं माझ्याकडे पाहुणी येऊ लागली. लोक म्हशी पाळतात, अण्णानं अळ्या पाळल्या, वैरण माझी. तरी माझी बाजू हिरवी राखली.

येळवशीच्या, म्हणजे येळ अमावस्येच्या सणाच्या, आदल्या दिवशी लेकीकडे कलबुर्गीला गेलो. सकाळी परत आलो, तर बांधावर नुसतं आभाळ.

येळवशीला शेतात कडब्याची खोपटीसारखी कोप करून, सगळ्या शेंगा-भाज्यांची भज्जी आणि आंबील असं जेवण असतं. त्या दिवशी हाक आली तर वैऱ्यालाही नाही म्हणता येत नाही. अण्णा सगळ्या शिवाराला ऐकू जाईल असा ओरडला, "ये रे बारक्या, जेवाय ये!"

गेलो. पंगत उन्हात बसली होती.

"वाळलं हुतं, काढलं," तो म्हणाला. "बस, खोडावर बस."

बसलो. भज्जी वाढून घ्यायला उठू लागलो, तर पँट खोडाला चिकटलेली. हात लावून बघितलं. बोटांना चीक.

"अण्णा, मेलेल्या झाडाला चीक कुठून आला?"

पंगतीनं माना खाली घातल्या. अण्णानं माझा पेला काठोकाठ भरला.

"आंबील घे की अजून."

येळवशीचा आग्रह. प्यालो.