टोक मोडलेली भेंडी

लंडनमध्ये वीस वर्षे राहूनही मी एक गोष्ट कोणाजवळ कबूल केली नव्हती. बाजारात पत्नीजवळ उभे राहण्याची मला लाज वाटत असे. सुनंदा भेंडी घेताना तिचे टोक मोडून पाहते. कट्कन मोडले तर कोवळी, नुसते वाकले तर जून. सुरुवातीला भाजीवाले तिच्यावर खेकसत, आणि मी बसथांब्यापाशी जाऊन तिचा कोणीच नसल्यासारखा उभा राही.

परवा मात्र पाऊल मागे घेण्याआधीच थबकलो. तुर्की भाजीवाला एका गोऱ्या आजीबाईंना भेंडीचे टोक मोडून दाखवत होता. सुनंदाकडे बोट करून तो म्हणाला, "या आमच्या परीक्षक. यांनी नापास केलेली भेंडी मी विकतच नाही!" आजीबाई हसल्या आणि स्वतःच टोके मोडू लागल्या.

माझा ऊर अभिमानाने भरून आला. परक्या शहरात सामावणे म्हणजे आपल्या सवयी झाकणे, असे मी समजत आलो. म्हणून कचेरी आणि स्टेशन यांपलीकडचे लंडन मला कधी भेटलेच नाही. सुनंदाने मोडक्या इंग्रजीत गल्ल्या आणि माणसे शोधली, आणि या शहराने तिच्याकडून भेंडी निवडायला शिकून घेतले.

"अहो, आज बसथांबा सोडून इकडे कसे?" भेंडीवरची नजर न काढता तिने विचारले.

म्हणजे तिला सारे ठाऊक होते. त्या गर्दीतच मी मोठ्याने म्हणालो, "सुनंदा, मला तुझी लाज वाटायची. माझं चुकलं. मला माफ कर."