फटफटीचा पोळा

माझ्या मास्तरकीच्या नोकरीचा फैसला एका फटफटीच्या टायरांवर ठेवला होता, असं सांगितलं की आताच्या पोरी खो खो हसतात. हसा बायांनो, हसा. तुम्हाला काय, बटण दाबलं की गाडी सुरू!

एक्याऐंशी-ब्याऐंशीचा सुमार. लाखनीपासून आत, हायवे सोडून चार मैलांवर आमचं गाव. लग्नाला दोन वर्षं झाली होती आणि ऐन पावसाळ्यात प्राथमिक शाळेतल्या नेमणुकीचा कागद हातात पडला. शाळा हायवेच्या पलीकडच्या गावात. सकाळच्या एसटीनं जावं तर पोचेपर्यंत अर्धी शाळा उरकलेली. सायकल म्हणाल, तर सून सायकलवर बसली हे आमच्या घरात बोलायचीही सोय नव्हती. राहिली आमच्या ह्यांची फटफटी. जवाहरनगरच्या कारखान्यातल्या एका कामगाराकडून जुनीच घेतलेली. हे तिच्यावर बसून लाखनीच्या राइस मिलमध्ये कामाला जात. जाताना मला शाळेत सोडायचं, येताना आणायचं, असा साधा सरळ बेत होता.

पण साधं सरळ ऐकतील तर ते आमचे मामाजी कसले! मामाजी म्हणजे माझे सासरे. धानाची शेती, चार बैल, आणि बोलणं असं की समोरच्यानं पाणी मागू नये. सुनेनं शिकवायला जावं याला त्यांची ना नव्हती, उलट गावात दोघा-चौघांना त्यांनी ते मुद्दाम ऐकवलंही होतं. वैर होतं ते फटफटीशी.

"जे जनावर टेकू लावल्याबिगर उभं राहत नाही," ते म्हणाले, "त्याच्या पाठीवर मी आपली सून बसवू?"

ह्यांनी समजावलं, सासूबाईंनी समजावलं, मी दोन दिवस मुद्दाम आळणी भाजी वाढली. शेवटी मामाजी नमले, पण अट घालूनच.

"नोकरी कर. पण ही फटफटी एकदा, फक्त एकदा घसरली, का दुसऱ्या दिवशीपासून शाळा बंद. मंग मले बोलजो नको."

आता आमच्या भागात रोवण्याच्या, म्हणजे भातलावणीच्या, दिवसांत रस्ता कसा असतो ते ऐका. धानाच्या बांधीतून, म्हणजे चिखलणी केलेल्या शेतातून, निघालेली प्रत्येक बैलगाडी आपल्या चाकांना चिकटलेला गाळ डांबरी रस्त्यावर सोडून जाते. त्यावर रिमझिम पडली की रस्त्याला जणू कोणी लोणी फासलं. आणि आमच्या फटफटीचे टायर? मागचा तर इतका गुळगुळीत झाला होता की मामाजींच्या टकलाशी त्याची बरोबरी झाली असती. त्या टायरवर माझी नोकरी चार दिवसही टिकली नसती. म्हटलं, नवे टायर घ्यायचे आणि ते मी निवडायचे.

"तुले टायरातलं काय समजते?" हे म्हणाले.

"तुम्हाले समजते तर हे असे काहून झाले?" मी म्हटलं. विषय संपला.

ह्यांच्या मनात भरले होते मोठमोठ्या गट्टूंचे, म्हणजे रबराच्या ठोकळ्यांचे, टायर. चिखलात चालणारे म्हणून लय ऐट त्यांची. मी म्हटलं, आधी लाखनीच्या मिस्त्रीला विचारू. हा म्हातारा मिस्त्री अख्ख्या तालुक्याच्या फटफट्या दुरुस्त करायचा आणि गिऱ्हाइकाला शिव्या दिल्याशिवाय पाना हातात घ्यायचा नाही. त्याच्या तोंडून निघालं ते मी अजून विसरले नाही.

"बाई, चिखल वेगळा आन् ओला डांबर वेगळा. वावरात फटफटी घालायची असन तर गट्टू घ्या. डांबरावर ते नुसते टोकावर उभे राहतात. वल्ल्या रस्त्यावर टायरच्या खालून पाण्याले निघून जायले वाट पायजे. पुढच्याले लांब सरळ नाल्या, मागच्याले आडव्या-तिडव्या, आन् खोल. रबर नरम पायजे, नख दाबून पाहा. बाजूनं भेगा दिसल्या तर तो टायर दुकानातच म्हातारा झाला समजा." मग ह्यांच्याकडे वळून, "आन् तुम्ही हवा दगडासारखी भरू नका. नवीन टायरले चमक असते. ती रस्त्यानं घासून जाईपर्यंत सावकाश चालवा, चमक गेली का मंग तो रस्ता धरते."

हे सगळं डोक्यात पक्कं करून आम्ही भंडाऱ्याला गेलो. दुकानदारानं ह्यांना खुर्ची दिली आणि मला भिंतीवरचं कॅलेंडर दाखवल्यासारखा हात केला. मी कॅलेंडर सोडून टायरांच्या चळतीकडे गेले आणि एकेकाला नख दाबायला लागले.

"बाई, ते वांगे नाहीत," दुकानदार म्हणाला.

"म्हणूनच पाहून राहिले. वांगं सडकं निघालं तर फेकता येते."

पहिला टायर नखाला दाद देईना. दुसऱ्याच्या बाजूला केसाएवढ्या भेगा. तिसरा मला बरा वाटला, तेव्हा मी दुकानातला पाण्याचा तांब्या उचलून सरळ फरशीवर ओतला आणि त्या पाण्यावर टायर दाबून ढकलून पाहिला. दुकानदाराचा जीव वरखाली झाला. आमचे हे केव्हाच उठून समोरच्या पितळी भांड्यांच्या दुकानात घागरी पाहायला निघून गेले होते, आपली ओळख नसल्यासारखे.

"फटफटी कोण चालवते?" दुकानदारानं वैतागून विचारलं.

"ते. तिकडे घागरी पाहून राहिले ते."

"मंग त्यांले पसंत करू द्या नं!"

"चालवतील ते," मी म्हटलं, "पडीन मी."

त्यावर त्यानं आतून दोन ताजे टायर काढून आणले. पुढचा सरळ नाल्यांचा, मागचा आडव्या-तिडव्यांचा. नख रुतलं तेव्हा मला इतका आनंद झाला की लग्नाच्या शालूला झाला नव्हता.

शाळा सुरू झाली. हे सावकाश चालवत, मी मागे एका बाजूनं बसून पिशवी आवळून धरत असे आणि बैलगाडीचा गाळ दिसला की "हळू, हळू!" असं ओरडत असे. संध्याकाळी घरी आलो की मामाजी ओसरीवरूनच विचारायचे, "घसरली का?"

"नाही, मामाजी."

"हं." त्या "हं"मध्ये आनंद किती आणि निराशा किती, हे मला कधी कळलं नाही. पण नंतर ते उठून हळूच फटफटीजवळ जायचे आणि टायरांवरून हात फिरवायचे. असा दीड महिना गेला. एकदाही घसरलो नाही. मी वर्गात बाराखडी शिकवत होते, पोरं मला "बाई, बाई" म्हणून हाका मारत होती, आणि मी मनातल्या मनात त्या दोन टायरांना रोज हात जोडत होते. ती शाळा सुटली असती तर मी वेडी झाले असते, खरं सांगते.

एक गोष्ट मात्र माझ्या लक्षातच आली नाही. टायरांची चमक गेली, ते राखाडी पडले, तसे मामाजी अस्वस्थ झाले. "टायर कोरडे पडून राहिले," असं ते सासूबाईंना एक-दोनदा बोलले. मिस्त्रीचं म्हणणं त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं. आम्ही आपले आमच्या तोऱ्यात.

आला पोळा. पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी आमच्याकडे बैलांची खांदमळणी असते. वर्षभर जू ओढून घट्टे पडलेले खांदे हळद-लोण्यानं पळसाच्या पानानं चोळायचे, शिंगांना जवसाचं तेल लावायचं, आणि "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या" म्हणून बैलांना हात जोडून जेवणाचं बोलावणं करायचं. मी चुलीपुढे होते. गोठ्यातून मामाजींचा आवाज ऐकू आला. चार बैलांना चारदा आवतन झालं. मग थोडं थांबून पाचव्यांदा झालं.

बैल तर चारच. पण पुरणाच्या गडबडीत मोजतं कोण!

सकाळी पाहते तर फटफटीच्या हँडलला हळद आणि गळ्यात झेंडूची माळ. मला हसू फुटलं आणि डोळ्यांत पाणीही आलं. दीड महिना जिला शिव्या घातल्या, तिलाच म्हाताऱ्यानं आवतन दिलं होतं! दुपारी तर कमालच झाली. मामाजी पांढरंशुभ्र धोतर नेसून, गुलाबी फेटा बांधून बाहेर आले आणि ह्यांना म्हणाले, "बैल गडी नेईल. आपण इच्यावर जाऊ. हे बी वर्षभर राबते आपल्यासाठी, हे बी तोरणाखाली उभी राहीन."

आखरावर, म्हणजे गावाची गुरं जमतात त्या मैदानावर, तोरण बांधलेलं. त्याखाली सजवलेल्या बैलांची रांग, भोवती सारं गाव. नुकतीच एक सर येऊन गेलेली. सासूबाई आणि मी देवळाच्या ओट्यावर उभ्या होतो. फटफटी आली. मामाजी मागे ताठ बसलेले, एक हात फेट्यावर. लोकांनी वाट करून दिली. आणि वळणावर, अहो माणूस चालतो तेवढ्याच वेगात, फटफटीनं दोन्ही पाय पसरावेत तशी बसकण मारली. हे एकीकडे, फेटा दुसरीकडे, आणि मामाजी मधात चिखलात मांडी घातल्यासारखे.

लागलं कोणालाच नाही. पण आमच्याकडे तोरणाखाली झडत्या म्हणतात, म्हणजे जुळवलेल्या गमतीच्या ओळी, आणि त्या म्हणणारा आयती शिकार सोडतो होय?

"बैल आला सजून, मालक आला भिजून! बैल म्हणे मालकाले, उठ नं आता लाजून! हर बोला हर हर महादेव!"

सगळं आखर हसलं. सासूबाईसुद्धा पदरात हसल्या. मी एकटीच नाही हसले.

घरी येऊन मामाजींनी धोतर बदललं आणि माझ्याकडे न पाहताच म्हणाले, "बोललो होतो का नाही? घसरली. उद्यापासून शाळा बंद."

मी पाण्याची बादली घेतली आणि रागारागानं फटफटी धुवायला बसले. मी नख दाबून निवडलेले टायर सपाट जागेवर, चालत्या माणसाच्या वेगात घसरतातच कसे? चिखल निघाला, तरी हात बुळबुळीतच. वास घेतला. जवसाचं तेल! कोरडे पडले म्हणून म्हाताऱ्यानं दोन्ही टायर मायेनं तेलात न्हाऊ घातले होते. पाचवं आवतन कोणाला होतं आणि त्याच्याबरोबर काय दिलं गेलं, ते तेव्हा कळलं.

अस्सा राग आला! मग हसू आलं. मग पुन्हा राग. सरळ जाऊन सांगितलं असतं तर मामाजींनी कानावर घेतलंच नसतं, म्हणून मी गोठ्यातली तेलाची वाटी शोधून पदराखाली घेतली.

दिवेलागणीला बैल दारात आले. शेजारपाजारचे जमलेले. सुनेनं बैलांचे पाय धुवायचे, ओवाळायचं, पुरणपोळी भरवायची. मी पाय धुतले, ओवाळलं आणि मामाजींच्या सर्वांत लाडक्या बैलाजवळ खाली बसून वाटीत बोटं बुडवली, आणि हात त्याच्या खुराकडे नेला.

"अवो, अवो! काय करून राहिली?" मामाजी ओरडत पुढे आले. "खुराले तेल लावतेस? बैल पडल नं!"

"पडल?" मी मान वर करून अगदी भोळेपणानं विचारलं. "काहून पडल, मामाजी?"

"काहून म्हणजे? खुरानं भुई धरते तो! खांद्याले तेल लावा, शिंगाले लावा, खुराले कोणी..."

तिथं ते थांबले. त्यांची नजर वाटीवर गेली. मग अंगणातल्या फटफटीकडे गेली, तिच्या टायरांवर खिळली. कोणाला काहीच कळलं नव्हतं. ह्यांना तर मुळीच नाही. सासूबाईंना मात्र कळलं, कारण त्या एकदम तोंडाला पदर लावून आत पळाल्या.

मी वाटी मामाजींच्या हातात दिली.

पोळ्याची सुट्टी संपून शाळा उघडली त्या सकाळी मी साडी नेसून नुसतीच चुलीपुढे बसले होते. जायचं की नाही, विचारायची हिंमत होईना. तेवढ्यात अंगणातून घासल्याचा आवाज आला. मामाजी उकिडवे बसून, चुलीतली राख आणि नारळाची शेंडी घेऊन टायर घासत होते. नाल्या-नाल्यांतून बोट घालून तेल काढत होते. मला पाहिलं तसे खेकसले, "पाहत काय राहिली? शाळेची वेळ होऊन राहिली नं!"

त्याच महिन्यात एकदा सकाळी हायवेवरून आत वळताना आम्ही खरोखरच घसरलो. ताजा गाळ होता आणि ह्यांनी ब्रेक जरा जोरात दाबला, टायरांचा काही दोष नव्हता. माझं कोपर खरचटलं, पिशवी चिखलात गेली. तशीच शाळा केली. दिवसभर एकच विचार, आता घरी काय सांगू? ह्यांनी परतीच्या वाटेत सांगून पाहिलं, "बाबांले नको सांगू." पण मला लपवायचं नव्हतं. किती दिवस लपवणार, आणि तसली नोकरी काय कामाची?

मामाजी ओसरीवर बसले होते. त्यांनी विचारायच्या आधी मीच म्हटलं, "मामाजी, आज घसरली."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. माझा हात धरून कोपर उजेडाकडे वळवलं.

"लागलं का लय?"

"नाही."

"मंग आत जाऊन जेव आधी," ते म्हणाले. "डबा घरीच राह्यला होता तुझा. उद्या विसरजो नको."