समुद्राकडे पाठ करून बसलेलं घर

आमच्या घराण्यात नकाशा वाचता येणारा मी पहिला माणूस. हे वाक्य त्या काळात मी इतक्यांदा म्हटलं, की शेवटी सगळ्यांनी ते खरं मानलं. मीसुद्धा.

मी बी.कॉम. आहे. माझ्याआधी आमच्यात कुणी कॉलेजचं गेट आतून पाहिलेलं नाही आणि मला त्याचा अभिमान आहे. लपवायचं काय त्यात? वडील, म्हणजे आबा, घोटीजवळच्या आमच्या गावातून नाशिकच्या सातपूरला आले आणि एका कारखान्यात मशीनवर लागले. मशीन भिंतीला लागून होतं. सगळी नोकरी भिंतीकडे तोंड करून झाली. ते रिटायर झाले तेव्हा मी विचारलं, "आबा, आता काय पाहिजे बोला." जन्मात कधी काही न मागितलेला माणूस म्हणाला, "पाण्याकडं तोंड करून बसायचंय. बास."

माझा पॅकिंगचा धंदा बरा चालला होता. मी दापोलीच्या पुढे, समुद्रावर उतरणारी जागा घेतली. उतार असा, की हातातला नारळ सुटला तर थेट होडीत पडावा! त्यावर बांधायचा होता बंगला. साधासुधा नाही, मासिकात छापून येतो तसला.

माझी बायको वैशाली म्हणाली, "अहो, एखादा आर्किटेक्ट बघा."

"कशाला? मी आहे ना."

"तुम्ही कॉमर्सचे."

"नकाशात काय असतं? आकडे. आणि आकडे म्हणजे कॉमर्सच."

मोजणीवाल्याने दिलेल्या कागदावर वाकड्यातिकड्या रेघा होत्या आणि प्रत्येकीवर आकडा. दोन, चार, सहा, असं करत तीसपर्यंत. कागदाच्या वरच्या कडेला दोन समांतर रेघा, खालच्या कडेलाही दोन. त्यातला एक वरचा डांबरी रस्ता आणि एक समुद्राकडची पायवाट. कुठल्या रेघा कशाच्या, ते लिहिलं नव्हतं. ते मी ओळखलं.

"सोपं आहे," मी घरच्यांना समजावलं. "दोन म्हणजे रस्त्यापासून दोन मीटर खाली. तीस म्हणजे तीस मीटर खाली. जसा आकडा वाढतो, तसे आपण उतरतो."

"शिकल्याचा फायदा असतो बाई," आई म्हणाली.

त्यानुसार मोजणीच्या कागदावर ट्रेसिंग पेपर ठेवून तीसच्या बाजूला मी हॉल काढला. वीस फूट रुंद काच. पुढे पोहण्याचा तलाव, ज्याचं पाणी काठावरून समुद्रात सांडतंय असं वाटावं. दोनच्या बाजूला बाथरूम, अडगळीची खोली, वगैरे.

कागदावरून कुणाला काही कळेना, म्हणून घोटीला काकांच्या शेतात, भात कापून झाल्यावर, चुन्याच्या फक्कीने मी अख्खा बंगला खऱ्या मापात आखला. आई बेडरूममधून सरळ स्वयंपाकघरात आली.

"आई! भिंतीतून काय येतेस? दाराने ये!"

"कुठंय दार?"

"रेघ तुटलीय तिथे."

ती बिचारी मागे जाऊन दाराने आली. तोवर काकांची म्हैस मास्टर बेडरूममध्ये बसली ती उठेना. (खोली तिला आवडलेली एवढंच मी म्हणेन.) आबांना मी हॉलमध्ये खुर्ची दिली.

"समोर काय हाय?"

"समुद्र."

समोर पेंढ्याची उडवी होती. आबा तिच्याकडे अर्धा तास बघत बसले. मग म्हणाले, "लय भारी."

महिन्याभराने कोकणातल्या मिस्त्रींचा फोन आला. "साहेब, हद्दीच्या दगडांचे नंबर जुळवून आखतोय. पण कागदाप्रमाणेच करू ना? नक्की?"

"मिस्त्री, कागद म्हणजे कागद!" मी म्हणालो. माणसाने कामगारांशी स्पष्ट बोलावं.

आम्ही सगळे गेलो. आबांनी नाशिकहून प्लास्टिकची खुर्ची गाडीच्या टपावर बांधून आणली होती. त्यांनी ती आखलेल्या हॉलच्या मधोमध टाकली, टोपी नीट केली आणि बसले.

समोर जांभ्याची उभी लालभडक दरड होती. हात लांब केला तर लागेल इतकी समोर.

"समुद्र कुठं हाय?"

"मागं," मिस्त्री म्हणाले. "बाथरूमच्या झरोक्यातून दिसेल. चांगला दिसेल तसा."

"आणि तलाव?" मी विचारलं.

"तो काय, दरडीला टेकलाय."

"अहो मिस्त्री, आकडा बघा ना! तीस म्हणजे खाली..."

"साहेब, आकडा समुद्रापासून वर मोजतात," मिस्त्री म्हणाले. कुणी गेल्याची बातमी सांगावी इतक्या हळू आवाजात म्हणाले.

कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं. वैशालीने फक्त "कॉमर्स" एवढं म्हटलं आणि ती पायवाटेकडे चालू लागली. आबा दरडीकडेच बघत होते. म्हणाले, "चालंल रे. मला सवय हाय."

 मी तिथेच दगडावर बसलो.

"नाही आबा. सगळं नव्याने काढतो. सहा महिने लागतील, पण काढतो."

"दाव तो कागद."

मी दिला. आबांनी तो डोळ्यांजवळ नेला, लांब धरला. मग घराचा नकाशा त्यांनी मोजणीच्या कागदावरून उचलला, वरची बाजू खाली केली आणि परत तिथेच ठेवला. "आसं नाय का व्हत?"

मिस्त्री वाकले. बोटाने हॉल शोधला, तलाव शोधला. "होतंय की!"

हॉल समुद्रावर गेला, बाथरूम दरडीला लागलं. माझे सहा महिने आबांनी नुसतं मनगट फिरवून संपवले होते. मिस्त्रींनी नवी फक्की मारायच्या आत आबा खुर्ची उचलून स्वतःच खाली उतरले, आणि संध्याकाळपर्यंत त्यांना तिथून उठवणं आम्हाला जमलं नाही.

बंगला आता उभा आहे. गावातले लोक बघायला येतात, काचेवर हात ठेवतात आणि विचारतात, "डिझाइन कुणाचं हो?" मी आबांच्या खुर्चीमागे शर्ट नीट करून ताठ उभा राहतो.

"समदं पोराचं," पाण्यावरची नजर न काढता आबा सांगतात. "मी निस्ता कागद सुलटा धरला."