नव्या मशीनची पूजा

माझ्यावर सर्वांत जास्त उपकार कोणाचे, असं कोणी विचारलं तर मला आठवत बसावं लागत नाही. माझ्या थोरल्या आत्याचे. आमच्या गावात शाळा चौथीपर्यंतच होती. पुढच्या शिक्षणासाठी वडिलांनी मला राजगुरुनगरला तिच्याकडे ठेवलं आणि कॉलेज संपेपर्यंत मी तिच्या एका खोलीत राहिलो. तिचा नवरा लग्नानंतर थोड्याच वर्षांत वारला होता. ती एका खानावळीत चपात्या लाटायची. संध्याकाळी मी अभ्यासाला बसलो की शेजारी बसून माझ्या पुस्तकातल्या अक्षरांवर बोट ठेवायची आणि "ह्ये काय?" म्हणून विचारायची. अशी ती वाचायला शिकली. आमच्या घरात पदवी घेतलेला मी पहिला, असं सगळे सांगतात. ते सांगताना आत्याचं नाव कोणी घेत नाही, म्हणून मी इथे सुरुवातीलाच घेतलं.

आता चाकणजवळ, महाळुंगेकडे जाणाऱ्या रस्त्याला माझं पाट्यांचं दुकान आहे. कंपन्यांचे सुरक्षेचे बोर्ड, केबिनच्या दारावरची नावं, मशीनवर बसवायच्या नेमप्लेट, असं काम. माझ्याकडचं जुनं लेझर मशीन ॲक्रिलिक आणि लाकूड कापायचं. स्टीलवर त्याचं काही चालत नसे. आणि कंपन्यांना आता सगळं स्टीलवर हवं होतं. नुसतं नाव नको, फोनने स्कॅन होईल असा चौकोनी कोड हवा. हे काम धातूवर कोरणाऱ्या फायबर लेझर मशीनचं. ते घेतल्याशिवाय गत्यंतर नाही, हे मला पटायला वेळ लागला, कारण मशीन विकणाऱ्यांवर माझा विश्वास नव्हता.

तो का नव्हता, तेही सांगतो. मी भोसरीपासून पुढे बऱ्याच डीलरांकडे जाऊन आलो. प्रत्येकाने मला खुर्ची दिली, चहा दिला आणि मशीनखाली स्वतःच्या खिशातलं स्टीलचं कार्ड ठेवून त्यावर गणपती काढून दाखवला. गणपती सगळीकडे सुंदर यायचा. मी पिशवीतून माझी प्लेट काढून "यावर मारून दाखवता का?" म्हणालो, की कोणाचा ऑपरेटर रजेवर असायचा, कोणाची सेटिंग गणपतीपुरतीच सेव्ह केलेली असायची. गणपती नेहमी मधोमध. कडेला, कोपऱ्यात कोणी काही काढून दाखवत नसे. ते मी मनात टिपून ठेवत होतो.

शेवटी ज्याच्याकडून घेतलं त्याने माझी प्लेट वापरली, एवढ्यावरच मी त्याला होकार दिला. तरी मशीन आलं तेव्हा मी खोक्याभोवती पोलिसासारखा फिरलो. एका स्क्रूच्या डोक्यावर पान्याची खूण दिसली.

"हे आधी उघडलंय."

डीलर हसला. "सर, चेक करूनच पाठवतो ना आम्ही. न उघडता पाठवलं असतं तर म्हणाला असता, चेक न करता पाठवलं."

म्हणणं बरोबर होतं. पण बरोबर उत्तर देणारा माणूस मला जास्तच संशयास्पद वाटतो.

मशीन खंडेनवमीच्या तोंडावर आलं. आमच्या भागात त्या दिवशी प्रत्येक गाळ्यात, प्रत्येक कंपनीत मशीनची पूजा होते. लेथला हार, ड्रिलला हार, फोर्कलिफ्टलासुद्धा हार. मी ठरवलं होतं, पूजा आत्याच्या हातून. आत्या आता गावी माझ्या धाकट्या भावाकडे असते. मी तिला मुद्दाम घेऊन आलो. येईपर्यंत तिला कारण सांगितलं नाही.

दुकानात आल्यावर सांगितलं तेव्हा ती मागेच सरली. "मी? येडा का काय तू? तुझी बायको हाय की उभी."

माझी बायको म्हणाली, "आत्या, मला हात जोडायला ठेवा. ताट तुम्ही घ्या."

"लोकं काय म्हंतील?"

"लोकांनी मला चपात्या नाही खाऊ घातल्या," मी म्हणालो.

तिने ताट घेतलं. गाळ्याचे मालक दारात उभे होते. या जमिनीवर पूर्वी त्यांचा कांदा व्हायचा, आता गाळ्यांची रांग आहे. माणूस वाईट नाही. भाडं थकलं तरी आवाज चढवत नाहीत. त्यांनी आत्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि चप्पल न काढता बाहेरच थांबले. मीही दारातच नारळ फोडायला बसलो. आतून आत्याचा आणि बायकोचा बोलण्याचा आवाज येत होता. पेढे वाटून झाले, मशीन सुरू केलं, मधोमध आमच्या दुकानाचं नाव काढलं. झक्क आलं. आत्याने ते वाचलं, एकेक अक्षर करून, मोठ्याने.

दसरा झाल्यावर महाळुंगेच्या एका कंपनीचं नमुन्याचं काम घेतलं. स्टीलच्या प्लेटा, प्रत्येकीवर कोड. नमुना पास झाला तर त्यांच्या सगळ्या साच्यांच्या प्लेटा माझ्याकडे येणार होत्या. आत्या अजून आमच्याकडेच होती. दुकानात स्टुलावर बसून प्लेटांवरचा प्लास्टिकचा पातळ पापुद्रा सोलून द्यायची. मी नमुने देऊन आलो आणि त्या दिवशीच परचेसवाल्याचा फोन आला. मी फोन टेबलावर ठेवून बोलत होतो, त्यामुळे सगळ्यांनीच ऐकलं.

"राव, प्लेट दिसायला लई भारी हाय. देवघरात लावू का?"

"का हो, काय झालं?"

"कोड वाचत नाही ना भाऊ. आठातल्या पाच प्लेटा मुक्या हायेत. बघा नीट, एक कोपरा पुसट हाय."

मी प्लेटा परत आणल्या. कोपरा खरंच पुसट होता, ओला हात फिरवल्यासारखा. पॉवर वाढवली, तरी पुसट. वेग कमी केला, तरी पुसट. डीलरला फोन लावला.

"मटेरियलचा प्रॉब्लेम असेल, सर."

"तुमच्याकडे याच प्लेटवर काढलं होतं."

"मग लाइटचा असेल. तुमच्याकडे व्होल्टेज कसंय?"

माझी खात्रीच झाली. जुना माल. आतला लेझरचा सोर्स, म्हणजे किरण तयार करणारा भाग, कुठेतरी वापरून झालेला, वर नवा पत्रा. ती पान्याची खूण मला आता डोळ्यांसमोर दिसू लागली. फोनवर मी बरंच बोललो. तेवढ्यात मालक आले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, मशीनला घातलेल्या सुकल्या हाराकडे पाहिलं आणि हळूच म्हणाले, "आमी काय जुन्या इचाराचे न्हाई बरं का. पण नवं मशीन व्हतं. सवाष्णीचा हात लागला असता, तर बरं झालं असतं."

आवाज हळू होता, पण गाळा लहान आहे. आत्या पापुद्रा सोलत होती, ती सोलतच राहिली. हातातली प्लेट पूर्ण करून तिने ढिगावर ठेवली. बायकोने मालकांना काहीतरी उत्तर दिलं, मी पण दिलं, पण आत्याने मान वर केली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी तिची पिशवी भरलेली होती.

"घरी कामं पडलीत," एवढंच म्हणाली. मला एसटी स्टँडवर येऊ दिलं नाही. रिक्षात बसताना म्हणाली, "परत असलं काय करू नको. मला न्हाई सोसत."

नंतर मी फोन केले. भावाच्या घरात फोन एकच चालतो आणि भावजय तो स्पीकरवर टाकून आत्याच्या हातात देते. घरभर माणसं ऐकत असताना आत्या बोलते ते "हां" आणि "बरं". मी विचारलं, "दिवाळीला येणार ना?" ती म्हणाली, "बगू." आमच्या आत्याचं "बगू" म्हणजे नाही.

इकडे माझा संशय वाढत गेला. समोरचा चहावाला मशीनकडे बघतो तो का बघतो, शेजारच्या गाळ्यात हसतात ते कशाला हसतात, मला सगळ्यांच्या तोंडावर मालकांचं तेच वाक्य दिसायचं. कंपनीने थोडी मुदत दिली होती. पण मला कामापेक्षा दुसरीच भीती होती. मशीन असंच राहिलं, तर आत्या ते आपल्या हाताचंच फळ मानणार आणि आमच्या कुठल्याही शुभकार्यात पुन्हा पुढे येणार नाही.

डीलर स्वतः आला. त्याने मोबाइलचा टॉर्च लावून मशीनच्या डोक्याखाली वाकून पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग "हं" म्हणाला, उठला, हात पुसले.

"सर, देखभालीचा करार तुम्ही घेतला नव्हता ना?"

"नाही."

"तो घेऊन टाका. मग मी इंजिनियर पाठवतो, सगळं खोलून बघेल."

"पण झालंय काय?"

"तेच तो बघेल ना, सर."

त्याला खाली वाकल्यावर काय दिसलं होतं, हे मला आजही माहीत नाही.

गुरुवारी आमच्याकडे वीज बंद असते. मशीन चालवता येत नव्हतं म्हणून मी शटर पूर्ण वर केलं आणि वाया गेलेल्या सगळ्या प्लेटा उजेडात मांडून बसलो. काही प्लेटा मी मारताना फिरवून ठेवल्या होत्या. दोष प्लेटच्या धातूत असता, तर पुसट भाग प्लेटबरोबर फिरला असता. तो फिरला नव्हता. कोणतीही प्लेट, कशीही ठेवली तरी दाराकडचा उजवा कोपराच पुसट. सोर्स जुना असता तर सगळंच फिकं आलं असतं, एकच कोपरा नाही. म्हणजे दोष किरण जिथून बाहेर पडतो तिथे, एका बाजूला होता. तिथे भिंग असतं.

मी साबणाने हात धुतले आणि भिंगाची कडी फिरवून ते काढलं. समोरून काच स्वच्छ दिसत होती. तिरपी धरली तेव्हा दिसलं. एका बाजूला बोटाएवढा तेलकट गोल, त्याच्यावर फिरवलेल्या कापडाचे ओरखडे आणि काच जिथे कडीत बसते त्या फटीत बारीक लाल रेघ.

मी ते बायकोला दाखवलं. ती वाकून लाल रेघ बघू लागली. मग म्हणाली, "आत्यांनी मला विचारलं होतं, याचं तोंड कुठंय? मी म्हटलं, उजेड इथून निघतो. तुम्हीच मला तसं सांगितलं होतं."

"मग?"

"मग त्यांनी तिथं बोट लावलं. म्हणाल्या, देव असंल तर हितंच असंल. काच लाल झाली म्हणून मग पदरानं पुसली. कुंकू लोखंडाला धरत नाही, म्हणून तेलात कालवलेलं होतं." तिने माझ्या हातातल्या भिंगाकडे पाहिलं. "हे त्यांना सांगू नका हो. त्या म्हणतील, बघा, माझ्याच हातानं झालं."

मी स्पिरिट आणि मऊ कागद आणून भिंग पुसलं. वीज आल्यावर प्लेट मारली. चारही कोपरे काळेभोर आले आणि कोड पहिल्या झटक्यात वाचला गेला. मला आनंद व्हायला हवा होता. पण मी खुर्चीत बसून एकाच गोष्टीचा विचार करत होतो. डीलरने जुना माल दिला होता, असं सांगितलं तर आत्या सुटते. मला डीलरबद्दल शंका होती, हे तिने दुकानात ऐकलंच होतं, ती मान्यही करील. पण मला तिचा अनुभव आहे. शाळेत मी कधी मार्क लपवले तर ती रागवायची नाही, नुसतं ताट वाढून समोर बसायची, मी खरं सांगेपर्यंत. आणि डीलरबद्दलचं माझं खोटं उद्या उघडं पडलं, तर तिच्या मनात उरेल ते मालकांचंच वाक्य.

बायकोचं म्हणणं मला अजूनही चुकीचं वाटत नाही. तरी मी पत्र लिहिलं. ते असं:

आत्या,

पाया पडतो. फोनवर तुला बोलता येत नाही, म्हणून लिहितो. अक्षर मोठं काढलं आहे, सावकाश वाच.

मशीन का बिघडलं ते सापडलं. पूजेच्या वेळी तू काचेला कुंकू लावलंस आणि पदराने पुसलंस. कुंकू गेलं, तेल राहिलं. त्या काचेतून लेझरचा किरण जातो. तेल असलेल्या बाजूला तो अडला आणि कोपरा पुसट आला. झालं ते एवढंच. मी स्पिरिटने काच पुसली, आता मशीन चांगलं चालतं. कंपनीने प्लेटा पास केल्या.

हे तुझ्या बोटाने झालं, हे मी लपवत नाही. पण ते बोटाला तेल होतं म्हणून झालं. तेल तुझ्या सुनेच्या बोटाला असतं तरी कोपरा असाच पुसट आला असता, माझ्या बोटाला असतं तरी आला असता. बोट कोणाचं, तिला नवरा आहे की नाही, हे मशीनला कळत नाही. तेल कळतं. काचेला हात लावायचा नाही, हे मी तुला सांगायला हवं होतं. ते मलाही मशीनच्या पुस्तकात नंतर वाचून कळलं.

मालकांना मी भिंग दाखवलं, तेलाचं सांगितलं. ते म्हणाले, "मंग तेलाचंच झालं म्हना की." त्यांना पटलं का, ते मला समजलं नाही. त्यांचं राहू दे. तुला पटलं का, ते मला कळव. "बगू" म्हणून कळवू नकोस.

दिवाळीच्या पाडव्याला पूजा आहे. तुझी सून म्हणते, ताट आत्यांच्या हातात, नाहीतर पूजाच नको. मीही तेच म्हणतो. काचेला झाकण लावून ठेवीन. कुंकू पाण्यात कालवू. तू येईपर्यंत मशीन सुरू करणार नाही. ही धमकी नाही, त्या दिवशी तसंही कंपन्यांचं काम नसतं. पण भाऊबीज झाली की काम आहे, म्हणून पाडव्याला सकाळी ये.