चौथीतला न केलेला कागद

मैत्रिणींनो, आज माझ्या लेकीसोबत, रेवासोबत, तिच्या मेडिकल कॉलेजात गेले होते. तिला डिस्लेक्सिया आहे, वाचायला वेळ लागतो. सोमवारच्या परीक्षेत जादा वेळ मिळावा म्हणून अर्ज केला होता. पास होण्याची ही शेवटची संधी.

ऑफिसातल्या क्लार्क बाबूजींनी डिस्लेक्सियाचं नवं प्रमाणपत्र उलटून पाहिलं. "मॅडम जी, बचपन से है तो स्कूल का काग़ज़ कहाँ है? फेल हुईं तब याद आया?"

मी तिथेच कबूल केलं. चौथीत बाईंनी तपासणी करा म्हटलं होतं. पुढे तिच्या लग्नात आडवं येईल म्हणून मीच टाळलं.

अर्ज नामंजूर होऊन परत मिळाला.

रिक्षात रेवा म्हणाली, "आई, मी इतकी वर्षं स्वतःला बुद्धू समजत होते. तू नुसती बघत होतीस?"

जुन्या कागदाशिवाय दाद कुठे मागायची, कुणाला माहीत असेल तर सांगा. रेवाला काय सांगायचं, ते मात्र मलाच शोधावं लागेल.